रिपोर्ट नसलेली दुखणी

आमच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला तीन-चार स्वयंपाकघरांतले दिवे लागतात, पण गॅस सहाशिवाय पेटत नाही. गोळी घेऊन झालेली असते आणि चहाला अजून अर्धा तास असतो. तेवढ्या वेळात कुणी रात्रीची भांडी लावतं, कुणी नुसतंच खिडकीशी उभं राहतं. आमच्या आयांचा दिवस चहानं सुरू व्हायचा, आमचा चहाची वाट बघण्यानं होतो. ‘मला थायरॉईड आहे’ असं आम्ही एकमेकींना सांगतो. वाक्य म्हणून ते चूकच. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी, ती सगळ्यांनाच असते. पण सांगायचं ते पोचतं: ग्रंथी मंदावली आहे, तिला कामाला लावणारं संप्रेरक, म्हणजे टीएसएच, वाढलंय, पन्नासची नाहीतर पंच्याहत्तरची गोळी चालू आहे.

आम्ही काही थोड्याथोडक्या नाही. मुंबई आणि गोवा धरून देशातल्या आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात शंभरांत जवळजवळ अकरा जणांची ग्रंथी मंद निघाली, आणि त्यांतल्या साधारण तिघांमागे एकाला आपल्याला असं काही आहे याचा पत्ताच नव्हता.

माझ्याकडे याखेरीज आणखी दोन पाहुण्या मुक्कामाला आहेत. अर्धशिशी शाळेपासूनची, चक्कर अलीकडची. तिघी एका अंगात नांदतात म्हटल्यावर त्यांचं आपसांत काहीतरी नातं असणारच, असं सगळ्यांनाच वाटतं. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये मी कपाळ धरलं की शेजारून ऐकू येतंच, “थायरॉईडमुळे असेल हो.” त्या वाक्यातल्या थायरॉईडबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं भांडण आहे ते ‘मुळे’ या दोन अक्षरांशी.

शेजारी राहणं वेगळं, नात्यात असणं वेगळं, आणि एकानं दुसऱ्याला जन्म देणं त्याहून वेगळं. ‘मुळे’ म्हणताना आपण पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतो. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीनं जास्त. थायरॉईड मंदावण्यात तर बायका कितीतरी पुढे. चक्करेच्या बहुतेक प्रकारांतही आमचाच नंबर वर. आता नुसता हिशोब करू. दर पाच बायकांत एकीला अर्धशिशी आणि दर नऊ जणींत एकीला थायरॉईड असं धरलं, तर दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसला तरी दर पंचेचाळीस बायकांत एकीकडे दोन्ही सापडतील. सकाळच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात अशा कितीजणी दांड्याला लोंबकळत असतील ते मोजा. प्रत्येकीला वाटणार, एकीतूनच दुसरी निघाली. खरं तर दोघी नुसत्या एकाच डब्यात चढल्यात.

तरी नातं मुळीच नाही असं म्हणणारी मी नव्हे. डोकेदुखीचे डॉक्टर जगभर जे वर्गीकरण वापरतात, त्याच्या २०१८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मंद थायरॉईडच्या डोकेदुखीला स्वतःचा कप्पा दिलेला आहे. म्हणजे दुखणं मान्यताप्राप्त आहे. फक्त तो कप्पा उघडून आत बघायला हवं. आतलं वर्णन आहे ते दोन्ही बाजूंनी दुखणाऱ्या, न ठणकणाऱ्या, सतत चालू राहणाऱ्या डोक्याचं. डोक्यावर ओलं घोंगडं टाकून ठेवावं तसं. अर्धशिशीचा स्वभाव याच्या उलट. ती एका बाजूला घण घालते, उजेड आणि फोडणीचा वास सहन होऊ देत नाही, पोट ढवळून काढते, आणि एक-दोन दिवसांत आपणहून निघून जाते. एकच मालकीण दोन्हींना ‘डोकं दुखतंय’ म्हणते म्हणून ती एक होत नाहीत.

त्या कप्प्यात आणखी एक अट आहे, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. डोकेदुखी थायरॉईडच्या खात्यावर टाकायची तर काळाचा पुरावा लागतो. ग्रंथी मंदावली त्याच सुमारास दुखणं सुरू झालं का? ती आणखी बिघडली तेव्हा वाढलं का? गोळीनं ग्रंथीचं काम भरून निघालं तेव्हा ओसरलं का? सकाळी सुईनं काढलेल्या दोन मिलिलिटर रक्तात यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. ते असलंच तर बाईच्या आठवणीत असतं, आणि तिला ते विचारायला कुणाला वेळ नसतो.

‘मुळे’ कसं सिद्ध करावं याचा नमुना थायरॉईडच्याच इतिहासात आहे. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल यांनी काही प्रौढ बायकांचं वर्णन केलं: चेहरा सुजट, जीभ जड, बोलणं आणि विचार संथ झालेले. हे कशानं होतं, याची त्यांना कल्पना नव्हती. १८९१ साली न्यूकॅसलमधल्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचायला सुरुवात केली. बाई बदलली. सूज उतरली, बोलणं मोकळं झालं. ती पुढं २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या. टीएसएच मोजण्याची सोय व्हायला तेव्हा सत्तर-पंचाहत्तर वर्षं बाकी होती. मरेंकडे रिपोर्ट नव्हता. काय दिलं, कधी दिलं आणि त्यानंतर काय झालं, एवढंच त्यांच्याकडे होतं, आणि तेवढ्यावर ‘मुळे’ पक्कं झालं.

योगायोग असा की त्याच १८७३ साली, त्याच लंडनमध्ये एडवर्ड लिव्हिंग यांचा अर्धशिशीवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. अर्धशिशी आणि चक्कर यांच्यात जवळीक आहे हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. वैद्यकानं त्या नात्यावर रीतसर शिक्का मारला २०१२ साली, व्हेस्टिब्युलर मायग्रेनचे निकष ठरले तेव्हा. मधली १३९ वर्षं चक्कर येणाऱ्या अर्धशिशीवाल्या बायकांनी काय ऐकून घेतलं असेल, याची मला चांगली कल्पना आहे.

मोठ्या पाहण्या काय म्हणतात? अमेरिकेत ओहायो राज्यात फर्नाल्ड इथं युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता. त्याच्या आसपास राहणाऱ्यांची तब्येत पुढं वीस वर्षं तपासली गेली. हेतू वेगळा होता, पण ती माहिती डोकेदुखीच्या अभ्यासकांच्या हाती आली. त्यांनी ८,४१२ जणांचा माग काढला. सुरुवातीलाच डोकेदुखी असलेल्यांत पुढं थायरॉईड मंदावण्याचा धोका २१ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि अर्धशिशी असावी असं वाटत होतं त्यांच्यात ४१ टक्क्यांनी. नीट बघा, इथं डोकेदुखी आधी आहे आणि थायरॉईड नंतर. या पुराव्यावर बोलायचं तर पंगतीत “अर्धशिशीमुळे थायरॉईड झाला असेल हो” असं म्हणायला हवं. तसं म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही. आणि ४१ टक्के ऐकून दचकायचंही कारण नाही. मूळ धोकाच लहान असेल तर त्यात ४१ टक्के मिळवूनही तो लहानच राहतो.

नॉर्वेतून आलेली माहिती तर या चित्रावर पाणीच ओतते. तिथल्या एका प्रांतातल्या हजारो बायकांच्या पाहणीत, टीएसएच जास्त असलेल्यांत डोकेदुखी कमी आढळली. २००१ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे एकीकडे डोकेदुखीवाल्यांना पुढं थायरॉईड होतो, दुसरीकडे टीएसएच चढलेल्यांचं डोकं कमी दुखतं. यांतली एक पाहणी खोटी असलीच पाहिजे असं नाही. पहिलीत काळ मोजला आहे, दुसरीत एका दिवसाचा फोटो आहे. पण ‘टीएसएच वाढला म्हणून डोकं उठलं’ हे सरळ वाक्य दोन्हींतून निघत नाही.

औषधांची वाटही उलटीकडून येते. अर्धशिशी वरचेवर येऊ नये म्हणून द्यायच्या औषधांत व्हॅल्प्रोएट आहे, आणि त्यानं काहींचा टीएसएच थोडा चढतो. दुसऱ्या एका जुन्या औषधानं, अॅमिट्रिप्टिलिननं, वजन वाढतं. वजन वाढलं की दोष कुणावर जातो ते सांगायला नकोच.

आता चक्कर. इथं मला आधी मराठीची बाजू घ्यायची आहे. आपल्या भाषेनं हे दुखणं फार बारकाईनं निवडून ठेवलंय. उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते. उन्हात, उपाशीपोटी भोवळ येते, माणूस खाली बसतो. घर गरगर फिरतं. चालताना तोल जातो. डोकं हलकं होतं, पोकळ लागतं. कानाच्या डॉक्टरला जे जाणून घ्यायचं असतं त्यातलं निम्मं या क्रियापदांतच भरलेलं आहे. अंधारी म्हटलं की रक्तदाब बघावा, हिमोग्लोबिन बघावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत रक्त कमी निघालं, तेव्हा अंधारीसाठी थायरॉईडपर्यंत जायची गरजच काय? घर फिरतं म्हटलं तर कानाच्या आत किंवा मेंदूत शोधावं. चालताना तोल जातो तो आणखी तिसराच मामला. पण दवाखान्यात शिरताना आपण हे सगळे शब्द चपलांबरोबर बाहेर ठेवतो आणि आत जाऊन म्हणतो, “चक्कर येते.” हल्ली तर “मला व्हर्टिगो आहे” असंच म्हणतात. व्हर्टिगो हे लक्षणाचं नाव. ‘मला खोकला नावाचा आजार आहे’ म्हणण्यासारखं ते आहे.

माझी पहिली खरी चक्कर तीन जानेवारीच्या पहाटे आली. उजव्या कुशीवर वळले आणि खोली सुटली. पंखा बंद होता तरी फिरत होता, कपाट छताकडं निघालं होतं. मी गादीची कड धरून ठेवली, जणू मीच पडणार होते. वीस-पंचवीस सेकंद. मग सगळं जागच्या जागी, फक्त तोंडाला पाणी सुटलेलं आणि अंगाला घाम. उठून बसले, पुन्हा आडवी झाले, पुन्हा तेच. नेहमीच्या डॉक्टरांनी माझं बोलणं अर्ध्यात ऐकलं, फाइल उघडली, टीएसएच ४.९ दिसला आणि म्हणाले, “डोस कमी पडतोय.” गोळी पन्नासवरून पंच्याहत्तरवर गेली, शिवाय चक्करेची एक गोळी. दोन महिन्यांनी चक्कर होती तशीच, म्हणून शंभर. आता चक्करेच्या जोडीला छातीत धडधड आणि रात्री टक्क जाग. त्यावर मला सांगण्यात आलं की टेन्शन घेऊ नका.

त्या ४.९ विषयी दोन शब्द. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. रात्री उशिरा आणि पहाटे तो वर असतो, दुपारी खाली येतो. सकाळी सातचा आकडा आणि दुपारी दोनचा आकडा यांची तुलना करून डोस हलवणं म्हणजे पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानावरून ऋतू ठरवणं. ही गोळी अंगात हळूहळू मुरते, तिचं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून बदलानंतर सहा-आठ आठवडे थांबूनच रक्त तपासायचं. सोबत लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घेतली तर ती आतड्यातच अडकते. हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लोहाची गोळी त्याच घोटाबरोबर घेत होते.

पाच महिन्यांनी कानाच्या एका डॉक्टरकडं गेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, “फिरतं, की अंधारी येते?” मग, “किती वेळ?” मग, “कुठल्या कुशीवर?” मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडं वळवली आणि एकदम मागं आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. खोली सुटली. “डोळे मिटू नका,” ते म्हणाले, आणि माझ्या बुबुळांकडं बघत राहिले. नवरा शेजारी उभा होता. तो नंतर म्हणाला, तुझी बुबुळं अशी झटके खात होती की मीच भिंत धरली. ही डिक्स आणि हॉलपाइक यांची तपासणी, १९५२ सालची. यंत्र लागत नाही, रक्त लागत नाही.

आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. रांगोळीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक. ते आपली जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळले की डोकं वळवताच नळीतलं पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं, बाई फिरतेय. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरनं हे दाणे डोक्याच्या चार-पाच हालचालींनी परत जागेवर नेण्याची युक्ती काढली. १९८० साली त्यांनी ती परिषदेत दाखवली तेव्हा बहुतेकांना तो जादूटोणाच वाटला होता. तिच्यावरचा त्यांचा गाजलेला लेख यायला १९९२ उजाडलं. माझ्यावर ती करायला पाच-सात मिनिटं लागली. पाच महिने गोळी वाढवत नेऊनही न गेलेली चक्कर पाच मिनिटांत गेली, अगदी थाळी वाजवून भूत उतरवावं तशी. फरक इतकाच की भूत होतं, आणि ते थायरॉईडच्या झाडावर नव्हतं.

या गोष्टीवरून थायरॉईड निर्दोष ठरत नाही, फक्त या एका खटल्यातून सुटतो. ग्रंथी खूपच मंदावली की नाडी सावकाश चालते, रक्त कमी होऊ शकतं, रक्तातलं सोडियम घसरू शकतं आणि डोकं हलकं, अंग अस्थिर लागतं. ते खरं. पण त्यात घर फिरत नाही. थायरॉईड आणि आतला कान यांचं एक रक्ताचं म्हणावं असं नातंही आहे. १८९६ साली व्हॉन पेंड्रेड यांनी दोन बहिणींचं वर्णन केलं, दोघी बहिऱ्या आणि दोघींना गलगंड. शंभर वर्षांनी, १९९७ साली, त्यामागचं जनुक सापडलं. त्यापासून बनणारं प्रथिन, पेंड्रिन, थायरॉईडमध्ये आयोडिन पुढं सरकवायला मदत करतं आणि कानात तिथल्या पाण्याचं क्षारांचं गणित सांभाळतं. एकच कामगार दोन कारखान्यांत. तो बिघडला की दोन्हीकडं गोंधळ, आणि अशा माणसांना खऱ्या गरगरत्या चकरा येऊ शकतात. मला हे वाचून फार आनंद झाला होता, अखेर धागा सापडला म्हणून. पण पेंड्रेडचा आजार जन्मजात आणि दुर्मीळ. माझ्या, तुमच्या, लेडीज डब्यातल्या थायरॉईडचं मूळ बहुधा वेगळं, हाशिमोतो या डॉक्टरांनी १९१२ साली चार बायकांच्या ग्रंथींत पाहिलं तसं. शरीराची पोलीस चौकी आपल्याच ग्रंथीवर धाड घालते. ही धाड कानापर्यंत पोचते का, याचा तपास चालू आहे. चक्करेच्या काही रुग्णांत थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं जास्त सापडली आहेत. पण पोलीस गल्लीत दिसले म्हणून चोरीचा छडा लागला असं होत नाही.

म्हणजे तिघींत खरं घट्ट नातं दोघींचंच, अर्धशिशी आणि चक्कर यांचं. व्हेस्टिब्युलर मायग्रेनमध्ये चक्कर पाच मिनिटांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकते, आणि किमान निम्म्या वेळा तिच्यासोबत अर्धशिशीची एखादी खूण येते: ठणका, उजेड-आवाज नकोसा होणं, डोळ्यांपुढं चमकत्या नागमोडी रेषा. गंमत म्हणजे त्या वेळी डोकं दुखेलच असं नाही. तरी आपल्याकडं अशा बाईला सांगतात काय? पित्त झालंय. मणक्यात गॅप आहे. गळ्यात पट्टा घाला. आणि रक्तात आकडा सापडला की थायरॉईड.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला. डॉक्टरांना घाई असते हे खरंच, पण ते अर्धंच उत्तर. दुसरं अर्धं आमच्यापाशी आहे. अर्धशिशीला रिपोर्ट नाही. एमआरआय केला तरी तो बहुधा ‘नॉर्मल’ येतो, आणि नॉर्मल रिपोर्ट घेऊन अंधाऱ्या खोलीत पडणाऱ्या सुनेला घरात काय किंमत असते? माझ्या आईला अर्धशिशी होती. ती सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची, कुणी सांगितलं म्हणून सूर्योदयाआधी दूध-जिलबी खायची, आणि लेप वाळायच्या आत पोळ्या लाटायला उभी राहायची. “नाटकं” हा शब्द तिनं किती वेळा ऐकला असेल, मी मोजलेला नाही. चक्करेचंही तेच. दुसऱ्याला दिसतं ते फक्त बाई भिंत धरून उभी आहे एवढंच. थायरॉईडचं मात्र तसं नाही. त्याला कागद आहे. कागदावर आकडा आहे, आकड्याशेजारी ठळक अक्षरात ‘वाढलेला’ असं छापलेलं आहे. तो कागद नवऱ्याला दाखवता येतो, सासूला दाखवता येतो, ऑफिसात रजेच्या अर्जाला जोडता येतो. ज्या दुखण्याला कागद आहे ते मग कागद नसलेल्या दुखण्यांनाही आपल्या रेशनकार्डावर घेतं. आम्ही बायका ‘थायरॉईडमुळे’ म्हणतो ते पुष्कळदा अज्ञानातून नव्हे. एवढंच एक कारण घरात चालतं म्हणून.

यावर मला विचारण्यात आलं, “मग बिघडलं कुठं? एका आकड्यानं बाईला दोन तास पडायला मिळत असतील तर मिळू देत की.” हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. एका बाईला मिळालेली विश्रांती ही लहान गोष्ट नव्हे. पण या सोयीची किंमत तीच बाई चुकती करते. अर्धशिशी थायरॉईडच्या नावावर गेली की ती रोखण्याची औषधं तिला कुणी देत नाही. ती दुकानातून डोकेदुखीची गोळी आणते. महिन्यात पंधरा दिवस साधी वेदनाशामकं, किंवा दहा दिवस मिश्र गोळ्या, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की त्या गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते. चक्कर थायरॉईडच्या नावावर गेली की दाणे नळीतच राहतात आणि चक्करेची गोळी महिनोन्महिने चालू. त्यांतल्या काही, सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिनसारख्या, चार-आठ दिवसांसाठी ठीक. वर्षभर घेतल्या तर म्हाताऱ्या माणसाचे हात कंपवातासारखे थरथरू लागू शकतात. आणि थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तर धडधड, झोप उडणं, हाडं विरळ होणं, वयस्करांत हृदयाची लय बिघडणं. जादा डोसनं डोकंही दुखतं. म्हणजे ज्यासाठी वाढवली तेच.

काठावरच्या आकड्यांबाबत तर पुरावा बराच स्पष्ट आहे. टीएसएच थोडा वर पण ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक, थायरॉक्सिन, ठीक, अशा ६५ वर्षांवरच्या ७३७ माणसांना युरोपातल्या एका चाचणीत गोळी किंवा नुसती साखरेची गोळी देण्यात आली. २०१७ साली निकाल आला. खरी गोळी घेणाऱ्यांचा टीएसएच खाली आला, थकवा आणि इतर लक्षणं होती तिथंच. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१९ साली छापलेल्या मार्गदर्शनात अशा बहुतेक प्रौढांना गोळी देऊ नये असंच म्हटलंय. गरोदर राहू पाहणाऱ्या बायका, फार तरुण माणसं आणि टीएसएच वीसच्या वर गेलेले, हे त्यातून वगळले. माझा थायरॉईड काठावरचा नव्हता, मला गोळीची गरज आहे आणि ती मी मरेपर्यंत घेईन. पण लेडीज डब्यातल्या सगळ्यांची गोष्ट तशी नाही.

‘शरीरात सगळंच एकमेकांशी जोडलेलं असतं’ असं म्हणणारेही भेटतात. जोडलेलं असतंच. कोकण रेल्वेनं रोहा मंगळुराशी जोडलेलं आहे, म्हणून रोह्याला पाऊस पडला की मंगळुरात छत्री उघडत नाहीत. नातं आहे म्हटल्यावर पुढचं विचारावंच लागतं: कुठून कुठं, किती जोरात, आधी कोण? जो विचारत नाही त्याला नात्याची कदर आहे असं मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र तारखा-बिरखा लिहीत बसू नये. चक्करेसोबत जीभ अडखळली, एकाची दोन दिसायला लागली, तोंड वाकडं झालं, हातापायातलं बळ गेलं, किंवा आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतक्या जोरानं एका क्षणात डोकं फुटल्यासारखं झालं, तर रिक्षा बोलवायची आणि मोठं हॉस्पिटल गाठायचं. तिथं कुणी थायरॉईडचं नाव काढलं तर ऐकू नये.

बाकी वेळी माझा भरवसा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. त्याच्या चौकोनांत मी वर्षानुवर्षं दुधाचा हिशोब लिहीत आलेय, त्यातच गेल्या वर्षापासून खुणा करायला लागले. ठणका असेल तर फुली, ओलं घोंगडं असेल तर आडवी रेघ, खोली फिरली तर गोल. डोस पंच्याहत्तरवर आणून लोहाची गोळी रात्रीवर ढकलली, त्याला दोन महिने झाल्यावर आडव्या रेघा विरळ होत गेल्या आणि दिवाळीनंतर एकही नाही. म्हणजे ते घोंगडं थायरॉईडचंच होतं. तिथं ‘मुळे’ म्हणायला माझी हरकत नाही. फुल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. पाळीच्या आधीचे दोन दिवस, संकष्टीचा उपास, आणि एकदा मे महिन्यात भर दुपारी काढलेला साताऱ्याचा एसटी प्रवास. त्यांचा थायरॉईडशी काही संबंध मला त्या पानांवर दिसला नाही. संकष्टीचा उपास मी सोडला, बाप्पा समजून घेईल.

गोल सगळ्यात कमी. एप्लींच्या युक्तीनंतर सहा महिन्यांत एकच आला. जानेवारीचं ते पान मात्र मी मागाहून भरलं, कारण तेव्हा खुणा करायचं सुचलं नव्हतं. तीन तारखेच्या चौकोनात आधीपासून ‘दूध १ लि.’ आहे, आणि त्याखाली वेगळ्या पेननं, बारीक अक्षरात, ‘उजवी कूस’.